टी-शर्ट, नग 12

"सात नंबर?" शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरातून मान वर न काढताच खेळाच्या सरांनी विचारलं.

माझी भाची गप्प. अंगावर माझी निळी इरकल, केसात अबोलीचा गजरा, आणि चेहरा नाणेफेक हरल्यासारखा.

"सापडंना, सर."

"सापडंना म्हंजे? बारा नग आलेत, बारा जमा व्हायला पायजेत. ऑडिटला मी काय दाखवू, तुझी साडी?"

दारात उभ्या असलेल्या सहा जणी फिस्सकन हसल्या. खो-खोच्या बारातल्या सात जणी यंदा दहावीच्या. सहा जणींचे टी-शर्ट टेबलावर आले होते, धुऊन, इस्त्री करून, नव्या कापडासारखी घडी घातलेले. कधीकाळी म्हणे भडक पिवळे होते. आता त्यांना भिंतीवरच्या जुन्या हळदीच्या बोटांचा रंग आलाय. चार नंबरचा छापील आकडा कधीच निघून गेला, त्या जागी कुणाच्या तरी आईनं काळ्या दोऱ्यानं टाके घालून चारचा आकडा काढला होता, थोडा तिरका. अकरा नंबरचा टी-शर्ट मी सहज उचलून उजेडासमोर धरला. सूर मारून मारून छातीवरचं कापड इतकं विरलेलं की पलीकडची खिडकी, खिडकीतला कडुलिंब, सगळं दिसत होतं.

खरं तर मी या खोलीत असायचं काही कारण नव्हतं. दहावीचा निरोप समारंभ, भाचीला नेसायला माझी साडी हवी, म्हणून सकाळच्या एसटीनं सांगलीहून माहेरी आले होते. तिला साडी नेसवली, आणि "आत्या, तू पण चल की, तुझीच शाळा हाय" म्हणाली म्हणून गेले. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. 21 तारखेला बोर्डाचा पहिला पेपर. पोरींच्या हातात मेंदी आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दोन्ही एकदमच.

समारंभ जसे असतात तसाच झाला. पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या, सरस्वतीच्या फोटोला झेंडूचा हार, वर्गणी काढून शाळेला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ (शाळेत अशी घड्याळं आता इतकी झालीत की प्रत्येक जण वेगळी वेळ दाखवतो), आणि मनोगतं. मनोगताला उभी राहिलेली प्रत्येक मुलगी दुसऱ्याच वाक्याला रडली, प्रत्येक मुलगा तिसऱ्या वाक्याला पुढचं विसरला. प्रमुख पाहुणे म्हणाले, मुलींनो, तुम्ही खो-खोत शाळेचं नाव काढलंत, आता जाताना पुढच्या पिढीला खो देऊन जा. टाळ्या पडल्या. हे वाक्य कुणीतरी म्हणणार हे मला सतरंजीवर बसतानाच माहीत होतं. पण खो-खो खेळलेल्या बाईला ते पटत नाही. खो देणारी गडी निघून जात नाही हो, जिला उठवते तिच्या जागी चौकटीत बसते, आणि पुन्हा कुणीतरी तिच्या पाठीवर हात मारेपर्यंत डाव तिचाही असतो. शाळा सोडणाऱ्या पोरी कुठल्या चौकटीत बसणार?

संघाबद्दल एवढंच एक वाक्य. सात पोरी पाचवीपासून सहा वर्षं रोज संध्याकाळी त्या मैदानावर गुडघे सोलून घेत होत्या. त्यांना शाळेनं निरोप दिला तो "दहावी अ" आणि "दहावी ब" म्हणून. संघ म्हणून कुणी दिला नाही.

मला हे टोचलं त्याचं एक कारण माझ्या फोनमध्ये होतं. धाकट्या दिरांचा मुलगा अमेरिकेत शिकतो, तिथल्या हायस्कूलच्या सॉकर संघात आहे. तिकडं हायस्कूल बारावीला संपतं. हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असतो, त्या दिवशी शाळा सोडून जाणाऱ्या खेळाडूंना एकेक करून नाव पुकारून मैदानात बोलावतात, सोबत आईवडील. आईच्या हातात फुलं. सीनियर नाइट म्हणतात त्याला. जाऊबाईंनी व्हिडिओ पाठवला तेव्हा मी नाक मुरडलं होतं, सामना अजून व्हायचाय आणि हार-तुरे आधीच! मग तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मला हेवा फुलांचा वाटत नाहीये. त्या पोराला आज शेवटचा सामना आहे हे आधीपासून ठाऊक होतं, त्याचा वाटतोय.

आपल्याकडं ते ठाऊक असणं शक्यच नाही. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, हरलात की पिशवी उचलायची. बत्तीस संघ उतरले तर एकतीस सामने होतात आणि एकतीस संघ हरून घरी जातात. जिंकलेला बत्तिसावाही पुढच्या पातळीवर कुठंतरी हरतोच. म्हणजे आपल्याकडं शाळेत खेळलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराचा शाळेसाठीचा शेवटचा सामना हरलेला असतो. आणि शिट्टी वाजेपर्यंत तो शेवटचा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नंतरही कुणी सांगत नाही. काही दिवसांनी त्याचं त्यालाच कळतं, पी.टी.च्या तासाला भूमितीच्या बाई वर्गात शिरतात तेव्हा.

माझा शेवटचा सामना 1991 च्या हिवाळ्यातला. दहावीत होते. तालुका मारून आम्ही जिल्ह्याला सांगलीत आलो होतो, वडापच्या एका जीपमध्ये बारा पोरी, एक बाई, दोन सर आणि मागं टपावर भडंगाचं पोतं. उपांत्य सामना. दुसऱ्या डावाच्या शेवटाला आम्हाला बरोबरीला एक गडी हवा होता आणि समोर त्यांची शेवटची तुकडी पळत होती. तिच्यातली एक उंच, हडकुळी पोरगी माझ्या पुढून गेली. मागून पाठीवर हात पडला, खो! मी उठले. ती गेली होती उजवीकडं. माझा खांदा का कोण जाणे डावीकडं वळला. खो-खोत एकदा दिशा घेतली की घेतली, मागं फिरता येत नाही. मी फिरले. शिट्टी. दिशेचा फाउल. फाउल झाला की पंच तुम्हाला उलट्या बाजूला जायला लावतात, तशी मी तिच्याकडं पाठ करून, तिच्यापासून लांब लांब, खांबाकडं धावत गेले. मागं ती पोरगी गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होती. मी खांबाला हात लावला आणि वेळ संपली.

एका गड्यानं हरलो.

येताना जीपमध्ये कुणी मला काही बोललं नाही. आयर्विन पुलावर एकीनं भडंगाचा पुडा माझ्यापुढं धरला, तो मी घेतला, एवढंच. पुढच्या वर्षी बघू, असं मनाशी म्हटलं होतं. पुढच्या वर्षी शाळाच नव्हती, हे त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

वयानं मी खेळू शकत होते, हे तर आणखीच. शालेय स्पर्धांचे गट वयाचे असतात, 14 वर्षांखालील, 17 वर्षांखालील, 19 वर्षांखालील. दहावीतली पोर बहुतेक पंधरा-सोळाची. म्हणजे 17 च्या गटात तिचं अजून एखादं वर्ष शिल्लक असतं आणि 19 चा गट तर पुढं अख्खा मोकळा. पण गावातली शाळा दहावीला संपते. संघाचं वय आणि शाळेचं वय एकमेकांना जुळत नाही. अकरावीला मी सांगलीच्या एका कॉलेजात गेले. तिथं खो-खो होता, मुलींचाही होता. सराव पाच वाजता. गावाची शेवटची एसटी साडेपाचला. एक आठवडा मी सरावाला जाऊन पंधरा मिनिटं पळून स्टँडकडं पळाले, तिथलं पळणं जास्त व्हायला लागलं तेव्हा सोडून दिलं. मुलींचं खेळणं का सुटतं यावर भाषणं खूप ऐकली, जिद्द कमी पडते, घरचे सोडत नाहीत, लग्न होतं. असेल. माझे वडील स्वतः मला सायकलवर बसवून सरावाला सोडायचे. माझा खो-खो साडेपाचच्या एसटीनं नेला.

आमच्या भागानं वर पाठवलेले खेळाडू कमी नाहीत, त्यांची नावं लहान पोरालाही पाठ असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, 1952 ला हेलसिंकीत कांस्य. माणमधल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत पोहोचली, 1984 च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. आमच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना 16 व्या वर्षी भारताकडून खेळली, साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. गावाच्या चौकात यांचे फलक लागतात ते लागायलाच हवेत. पण फलकावर एक चेहरा मावतो. त्या चेहऱ्याच्या मागं प्रत्येक शाळेतल्या दरवर्षीच्या बारा-बारा पोरी मावत नाहीत.

भाचीचा हा संघ तसा नशीबवान. मैदान तर पुरानंच तयार करून दिलं. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा शाळेत शिरली तेव्हा या पोरी नुकत्याच पाचवीत आल्या होत्या. पाणी उतरलं तर मैदानावर वीतभर गाळ. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला, सरांनी मात्र दोन ट्रॉल्याच काढून टाकल्या आणि उरलेला पसरवून घेतला. "खडं गेलं सगळं खाली," ते मला सांगत होते, "आता पडलं तर मऊ लागतंय." तेव्हापासून दर शनिवारी पाणी मारायचं, रविवारी फक्की. फक्कीची रेघ सरळ यावी म्हणून दोरी धरायचं काम भाचीकडं होतं. तिला गणितात समांतर रेषा मैदानावरच कळल्या, असं तिचे बाबा, म्हणजे माझा भाऊ, अभिमानानं सांगतो. गणितात तिला किती पडतात ते सांगत नाही.

मागच्या वर्षी सप्टेंबरात यांनी तालुका मारला, ऑक्टोबरात जिल्हा. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं द्राक्षांची छाटणी. बागेत माणूस मिळत नाही, छाटलेल्या काड्या गोळा करायला घरची पोरं लागतात. चार नंबर आणि नऊ नंबर सकाळी सहा ते नऊ काड्या गोळा करून मग सरावाला यायच्या. विभागाच्या स्पर्धेला कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे. पहिला सामना जिंकल्या, दुसरा हरल्या. भाची रात्री घरी आली, न जेवता झोपली, सकाळी उठून तिनं वहिनीला विचारलं, "मार्क मिळणार का?" कुठल्या पातळीपर्यंत गेलात त्यावर दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात, त्याचे प्रस्ताव सर भरत होते. वहिनीला वाटलं पोरगी किती व्यवहारी झाली. मला फोनवर सांगताना भाची म्हणाली, "आत्या, दुसरं काय विचारू? हरलो हे तिला म्हाईतच होतं."

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. 19 तारखेला अंतिम सामने होते, भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, मुलांनी 54-36. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. संघातल्या सगळ्या जणी भावाच्या घरी टीव्हीसमोर. मी व्हिडिओ कॉलवर. दिव्यांचा झगमगाट, मॅट, गुणांचा हिशेबही आमच्या वेळचा नाही. सात-आठ तोंडं एकदम पंचाला शिव्या घालत होती. मध्येच अकरा नंबर, जिच्या छातीवरचं कापड विरलंय ती, शांतपणे म्हणाली, "मॅटवर काय बाई, गुडघंच फुटत न्हाईत." हेव्यानं म्हणाली की तुच्छतेनं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर ते रजिस्टर.

सर कपाटात दुसरं काहीतरी शोधायला उठले, तेव्हा मी ते माझ्याकडं ओढलं. मागच्या पानांकडं गेले. आमच्या साली काय लिहिलंय बघावं म्हणून. शाई तपकिरी झालेली, अक्षर सुंदर, वळणदार. लाकडी डंबेल्स, जोड 40. लेझीम, नग 60. खो-खो खांब, नग 2. व्हॉलीबॉल, नग 3, पैकी 1 फुटका. त्या खांबांपैकी एकाला मी हात लावून सराव केला असणार. कुठल्या साली घेतले, किती रुपयांना, कुठल्या ठरावानं, सगळं होतं. बारा पोरी कोण होत्या ते कुठंच नव्हतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत संघांचे फोटो आहेत, पण ते ढाल जिंकलेल्यांचे. आम्ही एका गड्यानं हरलेलो. मला माझ्या संघातल्या आठ जणींची नावं आठवली, नवव्या नावाला अडले. पाठीवर हात मारून खो देणारी कोण होती, तेच आठवेना. तिचा आवाज आठवतो.

सर परत आले, खुर्चीत बसले, भाचीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुझ्याकडं हाय का खरंच हरवलाय?"

भाचीनं इरकलीच्या पदराला पीळ घातला. "पिशवीत हाय."

"मग?"

"द्यायचा न्हाई, सर. पैसं घ्या. तीनशे-चारशे काय आसंल ते."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. डेडस्टॉकच्या भाषेत वस्तू मेल्याचा दाखला असतो, त्याला निर्लेखन म्हणतात. मोडकी बाकं, गंजलेली घंटा, फुटके चेंडू, सगळ्याला एकच शेरा. सरांनी टी-शर्टच्या ओळीपुढं सावकाश लिहिलं, "नग 1, जीर्ण, निर्लेखित." मग टेबलावरच्या घडीकडं नजर टाकली. अकरा नंबर उचलला, मी धरला होता तसाच उजेडासमोर धरला, आणि एकाचा आकडा खोडून तिथं सात केला. खाली आद्याक्षरी.

"जीर्णच हायत," ते मला म्हणाले, जणू मीच ऑडिटर. "न्या. आणि रडायचं न्हाई हितं, मला अजून प्रस्ताव भरायचेत."

कुणी रडलं नाही. सातही जणी टी-शर्ट घेऊन धूम बाहेर पळाल्या. मी सरांचा निरोप घेऊन पायऱ्या उतरते तर मैदानात आरडाओरडा. नववीच्या पोरी आधीच चौकटींत जाऊन बसल्या होत्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. दहावीच्या पोरींनी पदर कमरेला बांधले, निऱ्या वर खोचल्या आणि साड्यांवरूनच टी-शर्ट चढवले. इरकल, त्यावर विटका पिवळा टी-शर्ट, त्यावर सात. वहिनी कुंपणाकडून ओरडत होती, "अगं आत्याची साडी हाय ती! लोळू नगंस!" तेवढ्यात भाचीनं खांब धरला आणि सूर मारला. टर्रकन आवाज आला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं.

नववीची एक पोरगी पाय मुरगळून बाजूला झाली. आठ चौकटींतली एक मोकळी. सगळ्या इकडं तिकडं बघायला लागल्या, आणि मग माझ्याकडं.

"आत्या?"

माझं वय 48. डाव्या गुडघ्यात आवाज येतो. मी चपला काढल्या आणि चौकटीत जाऊन बसले, हात जमिनीला टेकवून, टाच उचलून, शरीराला ते अजून माहीत होतं. फक्कीचा वास नाकात गेला. पोरी माझ्या दोन्ही बाजूंनी पळत होत्या, धाप लागल्याचे आवाज, बांगड्यांचे आवाज. मला कुणी खो देईना. आधी वाटलं चुकून, मग कळलं की लाज राखतायत. तीनदा, चारदा मला सोडून पुढच्या चौकटीला खो गेला.

"अगं मला पण द्या की!" मी ओरडले.

मागून पाठीवर सपकन हात बसला. "खो!"

मी उठले. समोरून पिवळं काहीतरी गेलं, उजवीकडं. सर पायरीवर येऊन उभे होते, गळ्यातली शिट्टी तोंडाला लावून.

शिट्टी वाजली.

"फाउल, ताई."